आबांचा लाल दिवा आणि माझा हात

हसणार नसाल तर सांगते. आणि हसणारच असाल, तर निदान आमच्या शिवाजी पेठेत जाऊन कुणाला सांगू नका. तिथं मला सध्या फार मान आहे. तो मान कशावर उभा आहे हे दोघांनाच ठाऊक आहे. एक मी, आणि दुसरे माझे सासरे.

सगळा घोटाळा माझ्या उजव्या हाताचा. त्याला लहानपणापासून एक वळण आहे. हातकणंगल्याला आमच्या घरी वडिलांची एकच शिस्त होती, खोलीतून बाहेर पडताना बटण बंद. अभ्यास झाला नाही तर चालेल, केस विंचरले नाहीत तर चालेल, पण मागं पंखा फिरत राहिला तर बोलणी! ही शिस्त आम्हा बहिणींच्या इतकी अंगात मुरली, की माझी धाकटी बहीण एकदा पाहुणे आत चहा पीत असताना दिवा बंद करून निघून गेली होती. पाहुणे बिचारे अंधारात बशी शोधत बसले.

पुढं कॉलेजात आमच्या बाईंनी घरोघरी जाऊन वीज वाचवायला सांगायचा उपक्रम काढला. बाकीच्या मुली दारात उभ्या राहून घडाघडा बोलायच्या. मी पत्रकं वाटायचे. कारण मी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण माझा आवाज समोरच्यापर्यंत पोचेतो समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो.

आणि अशा मुलीचं लग्न झालं कुठं? शिवाजी पेठेत! जिथं दोन माणसं एकाच चटईवर बसून बोलतात, पण मधे फुटबॉलचं मैदान असल्यासारखी.

सासरी माणसं चांगली. पण विजेच्या बाबतीत राजेशाही थाट. गिझर पहाटे जो चालू व्हायचा तो दुपारपर्यंत. ‘कोण ना कोण आंघोळीला जाईलच की!’ टीव्ही एकटाच बसून स्वतःला बघायचा. पाण्याची मोटार टाकी भरून वाहिली, की शेजारच्या सुमनकाकू ओरडतील तेव्हा बंद व्हायची. आणि मामा, म्हणजे माझे सासरे, पंखा पाचावर लावून त्याखाली गोधडी पांघरून झोपायचे.

मला हे बघवेना. एकदा धीर करून सासूबाईंना, म्हणजे आत्तींना, विचारलं, “आत्ती, गिझर बंद करू का?”

“का गं? गार पाण्यानं आंघोळ करतीस व्हय? तसलं काय करू नगंस बाई! नवी नवरी तू. गल्ली म्हणंल, सुनंला गरम पाणीबी देत न्हाईत!”

झालं. तोंडी प्रचार संपला.

मग मी बटणांशेजारी छोट्या चिठ्ठ्या चिकटवल्या. ‘जाताना मला विसरू नका.’ छान नक्षी काढली होती कडेनं. दुसऱ्या दिवशी मामांनी एक चिठ्ठी काढली आणि तिच्यामागं गवळ्याचा फोन नंबर लिहून ठेवला.

लेखी प्रचारही संपला.

मग राहिला हात. मी ठरवलं, कुणाला काही सांगायचं नाही. आपण गुपचूप मागून जायचं आणि बंद करायचं. गिझर, टीव्ही, मोटार, दिवसाढवळ्या जळणारी ट्यूब. कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त नवऱ्याच्या आलं. सुहास मला ‘लाइट हापिसच्या बाई’ म्हणायला लागला. मी मनात खूश! माणसांना पत्ता लागू न देता त्यांना सवय लावायची, याहून चांगला प्रचार कोणता?

एकच बोर्ड माझ्या हाताला लागला नव्हता, सोप्यातला, म्हणजे बाहेरच्या खोलीतला. कारण सोप्यात कायम कुणीतरी बसलेलं. आणि कुणी नसलं तरी आबा असायचे.

आबा म्हणजे माझे आजेसासरे. हयात नाहीत. भिंतीवर आहेत. एवढा मोठा फोटो, डोक्याला फेटा, कोल्हापुरी मिशा, आणि गळ्यात हार असतो तिथं शिट्टी! आबा पेठेतले फुटबॉलचे पंच होते. त्यांनी शिट्टी मारली की मैदानातला खेळाडूच काय, रस्त्यावरचा रिक्षावालासुद्धा थांबायचा म्हणे. फोटोतले डोळे असे, की तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी जा नाही तर जिन्याशी, ते तुमच्याकडंच बघतात. मी सोप्यातून जाताना उगीचच पदर नीट करायचे. पदर नसला तर ओढणी.

फोटोवर एक झिरोचा लाल बल्ब. आबा गेले त्या दिवशी लागलेला, आणि तेव्हापासून कधीच न विझवलेला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात महत्त्वाची गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही. ती माहीतच असते. मला वाटायचं, रोज संध्याकाळी लावत असतील. दिवसा तो बल्ब तसाही डोळ्यांत भरत नव्हता.

त्या दिवशी दुपारी सोपा रिकामा होता. मामा तालमीकडं गेलेले, सुहास दुकानात. वर पंखा गरगरतोय, ट्यूब जळतेय, आणि खाली माणूस नाही! स्वयंपाकघराच्या दाराशी जुन्या काळ्या बटणांची रांग होती. पंख्याचं आणि ट्यूबचं मला ठाऊक, सगळ्यात खालचं कशाचं हे कधी विचारलंच नव्हतं. मी नेहमीसारखा खालून वर तळहात फिरवला. खट्खट्खट्खट्! सगळं बंद. किती समाधान वाटलं म्हणून सांगू! मी जाऊन शेंगा सोलत बसले.

थोड्या वेळानं आत्तींचा फोन वाजला. माझी नणंद पूनम, तिच्या स्थळाचा होकार आला होता. मुलगा मंगळवार पेठेतला, रोहित, फौंड्रीत इंजिनिअर. दोघं भेटलेली, पुन्हा भेटलेली, आणि पूनम परवापासून भाकरी थापताना गुणगुणत होती. अडचण एवढीच की मुलाचे वडील, बाळासाहेब, तरुणपणी फुटबॉल खेळायचे, आणि एका सामन्यात ऑफसाइडवरून हुज्जत घातली म्हणून आबांनी त्यांना मैदानाबाहेर काढलेलं. बाळासाहेबांनी जाता जाता पायातला बूट काढून पंचाच्या दिशेनं भिरकावला होता. दोन्ही पेठांना ही गोष्ट पाठ. पण आता सगळे त्यावर हसायचे.

आत्ती साखरेची वाटी घेऊन आबांना सांगायला सोप्यात गेल्या. आणि किंचाळल्या.

“अगं बया! आबा गेलंऽऽ! आवो, कोण हाय का घरात? आबा गेलं!”

आबा जाऊन कैक वर्षं झाली होती, त्यामुळं मी पहिल्यांदा फारशी घाबरले नाही. बाहेर आले. आत्ती फोटोकडं बोट दाखवत थरथरत होत्या. साखर जमिनीवर.

“दिवा गेला. सोयरिकीचं नाव काढलं आन् दिवा गेला. कवाच गेला न्हाय ह्यो दिवा! लाइट जाती तवा सोडून.”

माझी नजर हळूच बोर्डाकडं गेली. सगळी बटणं वर. मीच वर केलेली.

बोलायचं होतं हो! त्याच क्षणी बोलायचं होतं. ‘आत्ती, मी बंद केला.’ एवढंच तर वाक्य. पण तेवढ्यात मामा आले, पूनम जिन्यातून धावत आली, सुमनकाकूंचं डोकं खिडकीत आलं, आणि सगळे एकदम बोलायला लागले. त्यात माझं वाक्य कुठं ठेवू?

“काय न्हाय, बल्ब गेला आसंल,” मामा म्हणाले. स्टुलावर चढले, बल्ब काढला, उजेडाला धरून बघितला. “तार तर शाबूत हाय की. होल्डरात काय अडकलंय काय बघू.”

मी दाराशी, बोर्डाच्या शेजारी. मला वाटलं, देवानंच संधी दिली. सगळ्यांचं लक्ष वर आहे. आपण हळूच ते खालचं बटण दाबायचं, दिवा लागेल, मामा म्हणतील अडकला होता, विषय मिटेल. भीतीनं मी डोळे मिटून घेतले आणि दाबलं.

आता मला सांगा, बल्ब मामांच्या डाव्या हातात आहे आणि उजव्या हाताचं बोट होल्डरमधे आहे, हे डोळे मिटलेल्या बाईला दिसणार कसं?

“आंऽऽऽ!”

मामा स्टुलावरून जे उडाले ते थेट दिवाणावर. नशीब, गादी जाड होती. लग्नाची हळद अजून पुरती उतरली नाही, आणि मी सासरा मारला!

मामा उठून बसले. चेहरा पांढरा. बोट धरून फोटोकडं बघत राहिले.

“धरलं मला,” ते म्हणाले. “आबांनी धरलं.”

“आवो, शॉक बसला आसंल,” सुमनकाकू खिडकीतून म्हणाल्या.

“दिवा लागत न्हवता तवा करंट कुठनं आला? आँ? आबाच हुतं! ल्हानपणी कानाखाली द्यायचे, तवा आशाच झिणझिण्या यायच्या, पार मुंडक्यापातूर!”

आत्तींनी दोन्ही हात जोडले. मी पाणी आणलं. पेला माझ्या हातात असा थडथडत होता, की अर्धं पाणी मामांच्या लेंग्यावर.

“सून बघा कशी घाबरलीया,” आत्ती डोळे पुसत म्हणाल्या. “आबांना बघितलंबी न्हाय, पर जीव केवढा!”

मग सांगा, आता कशी बोलणार? मघाशी नुसतं बटण होतं. आता त्याला सासऱ्याला शॉक दिल्याचं कलम लागलं होतं. सुहास आल्यावर त्याला सांगायचा मी प्रयत्न केला. “अहो, तो दिवा आहे ना...”

“दिव्याचं नाव काढू नकोस,” तो म्हणाला. एवढा पैलवानी गडी, पण आबांच्या फोटोकडं पाठ करून जेवला. “मलाबी भ्या वाटतंय.”

तुम्ही म्हणाल, एवढी माणसं, कुणाच्याच डोक्यात बटण आलं नाही? नाही आलं. त्या दिव्याला बटण आहे हेच घर विसरलं होतं. इतक्या वर्षांत कुणी दाबलंच नव्हतं ते! सूर्याला कुणी बटण शोधतं का?

पूनमनं बल्ब परत बसवला, तो मुकाट लागला, आणि आत्तींनी निकाल दिला. पंचाच्या सुनेला नियम पाठ! “ह्ये पिवळं कार्ड हुतं. ताकीद दिली आबांनी. आता मुलाची पत्रिका त्यांच्याफुडं ठेवू. दुसऱ्यांदा दिवा गेला, तर लाल कार्ड. मग सोयरीक न्हाय म्हंजी न्हाय!”

पत्रिका फोटोखाली ठेवली गेली. घरात सगळे पाय न वाजवता चालायला लागले. आणि मी? माझी झोप उडाली. दिव्याला जगात एकाच माणसाकडून धोका होता, आणि त्या माणसाचा हात माझ्या खांद्याला जोडलेला होता! सोप्यातून जाताना मी उजवा हात ओढणीत गुंडाळून घ्यायचे. आत्तींनी विचारलं, “हाताला काय लागलं गं?” मी म्हटलं, “मुरगळलाय.” त्यांनी प्रेमानं हळद-तेल चोळलं. चोळून घेताना मला रडू येत होतं. त्यांना वाटलं, दुखतंय.

तरी मी हात सांभाळला हो! आणि मग सुहास मला माहेरी सोडायला निघाला. खाली बुलेट सुरू करून हॉर्न वाजवत उभा.

“आवरलं का न्हाय? चल की! पेट्रोल जळतंय हितं!”

जळतंय म्हटल्यावर माझं जे काही होतं ते झालं. पिशवी डाव्या हातात, चपला अर्ध्या पायात, मी धावत निघाले. कोपऱ्यावर वळलो न वळलो तोच सुहासचा फोन वाजला. आत्तींना स्पीकरची गरजच नव्हती.

“परत या! दुसरं कार्ड दावलं आबांनी! दिवा गेलाऽऽ!”

मी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. ओढणी गळ्यात होती. हात मोकळा होता. आणि तळव्याला बटणांचा तो ओळखीचा खरखरीत स्पर्श अजून होता.

परत आलो. आत्ती उंबऱ्यातच बसलेल्या. मी आत शिरले, आधी नीट बघितलं की कुणी स्टुलावर नाही ना, आणि पाठ बोर्डाला टेकवून मागच्या मागं बटण दाबलं. दिवा लागला.

“बघितलंसा?” आत्ती ओरडल्या. “हिनं घरात पाऊल टाकलं आन् दिवा पेटला! भाईर गेली तवा इझला! आबांचं सगळं लक्ष हिच्यावर हाय!”

आत्ती चुकल्या नव्हत्या. कारण खरंच, आबांचं सगळं लक्ष माझ्यावरच होतं. फोटोतून ते बघत होते. सगळा प्रकार पाहिलेले तेच एक!

दुसऱ्या दिवशी मामांनी फर्मान काढलं, “सगळ्या बायका देवीची वटी भरून या. सावकाश या. गडबड करू नगासा.” आम्ही अंबाबाईला गेलो. मी देवीला म्हटलं, माझा हात तुझ्या पायाशी ठेवून घे. परत आलो तर मामा पेपर वाचत बसलेले. पेपर उलटा होता. मला वाटलं, शॉकचा परिणाम.

नकाराचा फोन करायचं ठरलं. पूनम वर गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड बसली होती. मी गेले तर म्हणाली, “वहिनी, मी आबांचं काय वाईट केलंय गं? त्यांच्या शिट्टीला मीच तर पॉलिश करायची. रोहित चांगला आहे. आता आई म्हणते, तोंड बघायचं न्हाय त्याचं.”

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती कपड्याचा चिमटा उघडत होती, मिटत होती. माझ्या तोंडापर्यंत आलं. पण जिन्यावरून आत्तींचा आवाज आला, आणि ते आलेलं परत खाली गेलं. भित्री ती भित्रीच. त्या दिवशी मला आबांपेक्षा स्वतःचीच जास्त भीती वाटली. माझ्या गप्प बसण्यानं या पोरीचं लग्न मोडणार होतं.

फोन गेला. पण बाळासाहेब काही फोनवर मिटवून घेणारे नव्हते. रविवारी दिवेलागणीच्या वेळेला ते मुलाला घेऊन थेट दारात. रोहित मागं, मान खाली.

“या पावणं,” मामा कसेबसे म्हणाले.

“पावणं कसलं! नकार द्यायचा तर तोंडावर द्या की. फोनवर काय?” बाळासाहेब फोटोसमोर जाऊन उभे राहिले, कमरेवर हात. “पंचसाहेब! आजून राग हाय व्हय? बूट मी फेकलेला. पोरानं न्हाय! आन् लागलाबी न्हवता तुमास्नी!”

“त्यांच्याशी आसं बोलू नगासा!” आत्ती मधे पडल्या. “दोन कार्डं झाल्यात. आता हितं कुणाचं काय चालत न्हाय.”

“ताई, दिव्यावरनं पोरांचा संसार ठरवताय?”

“दिव्यावरनं न्हाय, आबांवरनं!”

आवाज चढत गेले. सुमनकाकू खिडकीत. जिन्यात पूनम, तोंडाला रुमाल लावून. रोहितनं एकदा वर बघितलं, तिनं एकदा खाली बघितलं, आणि मला काय झालं कुणास ठाऊक.

“मी केला!”

इतका मोठा आवाज माझा असेल असं मलाच वाटलं नाही. मी मागं वळून बघितलं, कोण बोललं म्हणून.

शिवाजी पेठ गप्प! आता मागं फिरता येत नव्हतं.

“आत्ती, आबांनी नाही. दिवा मी बंद केला. दोन्ही वेळा. मला सवय आहे बटणं बंद करायची. वीज वाचवायची म्हणून... आबांचा राग नाही. माझा हात आहे.”

मी डोळे मिटले. आता माहेरी पोचवतील. बुलेटवरून.

पण आत्तींनी मला मिठीच मारली.

“आगं माझी बाय ती!” त्यांना हुंदका फुटला. “बघा वो, नणंदंच्या संसारासाठी सगळं आपल्या डोस्क्यावर घेतलं हिनं! आशी सून दिवा घिऊन शोधली तरी घावायची न्हाय!”

“नाही आत्ती, खरंच...”

“गप! किती खोटं बोलशील आमच्यासाठी?”

बाळासाहेबांनीसुद्धा डोक्यावर नसलेल्या फेट्याला हात लावला. “गुणाची पोर हाय,” म्हणाले.

काय करावं? आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, आणि ऐकू गेलं तेही उलटं! “दाखवते ना!” मी म्हटलं. “हे बघा, हे बटण आहे. आत्ता बंद करून दाखवते.”

“आसू दे, आसू दे की!” मामा एकदम खोकायला लागले. “दावायचं काय त्यात? च्या टाका कोण तरी!”

पण मी बोर्डाशी पोचले होते. सगळ्यांकडं बघत बटण दाबलं.

दिवा लागलेलाच.

मी पुन्हा दाबलं. वर, खाली, वर. दिवा जळतोय. शेजारचं दाबलं, पंखा बंद झाला. त्याच्या शेजारचं, ट्यूब गेली. मी खालून वर पूर्ण तळहात फिरवला, खट्खट्खट्खट्! सोप्यात अंधार झाला. बाहेर संध्याकाळ, आत काळोख, आणि त्या काळोखात एकटा लाल दिवा, आणि त्याखाली आबांच्या मिशा!

मी खोटं सांगत नाही, माझ्या अंगावर जो काटा आला तो अजून पुरता खाली बसलेला नाही. मला वाटलं, मग इतके दिवस माझा हात कोण चालवत होतं?

अंधारात कुणाचा तरी दाबलेला आवाज आला, “आबा...” आणि धप्प असं वाजलं. बाळासाहेब गुडघ्यावर बसले होते.

“चुकलो पंचसाहेब,” ते म्हणत होते. “त्यो ऑफसाइडच हुता.”

“राजी झालं! आबा राजी झालं!” आत्तींचा आवाज फुटला. “सगळं इझलं, पर ह्यो इझला न्हाय! सुनंची बाजू घेतली त्यांनी! लाल कार्ड माघारी घेतलं! पूनम, साखर आण!”

ट्यूब लावायलासुद्धा मलाच सांगितलं. दुसऱ्या कुणाची बोर्डाला हात लावायची हिंमत होईना.

साखर वाटली गेली, कुंकू लागलं, पूनम आणि रोहित फोटोच्या पाया पडली, आणि मी मागच्या दारी हौदाशी जाऊन मटकन बसले. तेवढ्यात मामा आले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

“घाबरू नगंस,” ते कुजबुजले. मामांना कुजबुजता येतं हे मला त्या दिवशी कळलं. “त्या दिव्याला आता बटनच न्हाय. तुमास्नी देवीला धाडलं न्हवं का, तवा वायरमन आणून तार डायरेक इन्व्हर्टरला जोडून घेतली. म्हटलं, पुन्ना इझायला नगं, आन् पुन्ना मला धरायला नगं. घाबरलो म्हणून तालमीत हसत्याल, म्हणून बोललो न्हाय.”

माझा श्वास परत आला. आणि श्वासाबरोबर ते अडकलेलं वाक्यही.

“मामा, तुम्हाला शॉक बसला ना... ते बटण पण मीच दाबलं होतं.”

मामा माझ्याकडं बघत राहिले. मग स्वतःच्या बोटाकडं. मग पुन्हा माझ्याकडं.

“म्हंजी आबा न्हवतं?”

“नाही.”

“तूच?”

“हो.”

आता कान धरून बाहेर काढतील, असं वाटलं. मामांनी बराच वेळ मिशीला पीळ दिला.

“आबांपरास हात जड हाय तुझा,” ते म्हणाले. “आत्तीला सांगू नगंस. लगीन पार पडू दे. मी तारंचं बोलत न्हाय, तू बटनाचं बोलू नगंस.” आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण जरा लांबूनच.

लग्न ठरलं. दोन्ही पेठांत बातमी झाली. आत्तींनी आनंदानं आबांच्या फोटोभोवती चमकणाऱ्या दिव्यांची माळ सोडली. पत्रिकेच्या जागी दुसरी माळ, देव्हाऱ्यात तिसरी. सोप्यातली ट्यूब आता बंद करायची नाही, कारण अंधारात आबांनी कौल दिला तेव्हा पाहुण्यांचा गुडघा दुखावला. दुपारी गल्लीतल्या बायका आबांच्या आणि माझ्या दर्शनाला येतात, म्हणून पंखा सगळा वेळ. आणि मी बोर्डाजवळ गेले की बायका हात जोडून म्हणतात, “नगं गं बाई, आता कशाला त्यांची परीक्षा बघतीस?”

परवा लाइटबिल आलं. सुहासनं पाकीट उघडलं आणि खुर्चीत बसला.

“आई! हे एवढं बिल? आपल्या घरात कधी आलं नव्हतं असं! कुणामुळं आलं हे?”

“कुणामुळं म्हंजी?” आत्ती पोळपाटावरून मान वर करून, माझ्याकडं बोट दाखवत, अभिमानानं म्हणाल्या, “हिच्यामुळं!”

मामा पेपरच्या आड गेले. मी मान खाली घातली. लग्न झाल्यापासून त्या घरात माझ्याविषयी पुष्कळ काही बोललं गेलंय. गुणी, त्यागी, आबांची लाडकी. त्या सगळ्यात खरं निघालं ते एवढंच.